चावी पाण्यात न्यायची नाही

पाऊचमध्ये पाणी शिरलंय हे मला दिसायच्या आधी ऐकू आलं. समुद्रातून बाहेर येता येता गळ्यातला पारदर्शक पाऊच हलला आणि आत काहीतरी डुचमळलं. उन्हात धरून पाहिलं, तर खालच्या कोपऱ्यात दोन चमचे खारं पाणी आणि त्यात आडवी पडलेली आमच्या गाडीची चावी. तिच्यावरचा बारीक लाल दिवा आपोआप लुकलुकत होता, मी एकही बटण दाबलेलं नसताना. मग तोही विझला.

गेल्या वर्षीचा जानेवारी. गुहागर. पहाटे पाचला कराड सोडलं, कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला नाश्ता केला आणि साडेनऊला समुद्रावर पोचलो. मी, नवरा, धाकटी लेक आणि माझे वडील. अण्णांना अठ्ठ्याहत्तरावं चालू होतं आणि किती वर्षांनी समुद्र बघायचा होता, म्हणून खास त्यांच्यासाठी निघालो होतो. गाडी सुरूच्या बनामागे सावलीत लावली. अण्णांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि आम्ही तिघं पाण्यात उतरलो.

गाडीत काय काय होतं ते सांगते, कारण सगळा जीव तिथेच अडकला. माझी पर्स, दोघांचे फोन, जेवणाचा डबा आणि लहान थर्मासमध्ये अण्णांचं इन्सुलिन. त्यांना जेवणाआधी इंजेक्शन लागतं, आणि सकाळच्या डोसानंतर जेवण फार लांबलं की त्यांची साखर झरझर उतरते. हे घरात दोनदा झालेलं आहे. घामाने चिंब झालेला, बोलताना अडखळणारा आपला बाप एकदा पाहिला की पुन्हा घड्याळावरची नजर हलत नाही. तेव्हा साडेअकरा वाजले होते.

गाडीजवळ आलो. हँडलवरचं बटण दाबलं, गाडी ढिम्म. चावीवरचं बटण दाबलं, तरी ढिम्म. मी ते दहा-पंधरा वेळा दाबलं असेल. ओल्या चावीची बटणं दाबत राहणं हीच सगळ्यात मोठी चूक असते, हे नंतर कळलं.

दुसरी चावी कराडला कपाटात होती. त्या कपाटाची चावी माझ्या पर्समध्ये आणि पर्स गाडीत. तरी अण्णांच्या साध्या फोनवरून दिरांना फोन केला. भावजी म्हणाले, "वहिनी, कपाट फोडतो आणि मोटरसायकलवर निघतो." दीडशे किलोमीटर, मध्ये घाट. नवरा काच फोडायला दगड शोधत होता आणि लेक रडायच्या बेतात होती.

किनाऱ्यावर कोकम सरबत आणि शहाळी विकणाऱ्या मावशी हे सगळं बघत होत्या. त्या उठून आल्या आणि पहिल्यांदा अण्णांकडे गेल्या. "बाबांना आधी सावलीत घ्या, चावीचा मंग बघू," म्हणाल्या. साखर हाताशी ठेवली, लागलीच तर म्हणून. मग त्यांनी भाच्याला हाक मारली. तो तिथेच वडाप, म्हणजे माणसं नेणारी जीप चालवायचा, वीस-बावीस वर्षांचा असेल. त्याने माझ्या हातातून चावी अलगद काढून घेतली आणि म्हणाला, "ताई, आता बटणं दाबू नका."

चावीच्या कडेला एक बारीक खिटी असते. ती त्याने नखाने सरकवली आणि चावीच्या पोटातून एक सपाट धातूची चावी बाहेर आली. तीन वर्षं ती वस्तू रोज माझ्या हातात होती, पण तिच्यात दुसरी चावी आहे हे मला ठाऊक नव्हतं. ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलच्या टोकाला प्लास्टिकचं टोपण होतं. ते त्याने त्याच चावीच्या टोकाने उचकटलं, खाली कुलपाचं भोक दिसलं, चावी फिरवली आणि दार उघडलं. त्याबरोबर गाडीने असा भोंगा सुरू केला की सुरूच्या झाडांवरचे कावळे उडाले. रिमोटने लावलेली गाडी नुसत्या धातूच्या चावीने उघडली की पुष्कळ गाड्या असं करतात, त्यांना चोर वाटतो. मी त्या भोंग्यातच थर्मास काढला. पावणेएकला अण्णांना इंजेक्शन दिलं आणि एकच्या आत ते जेवत होते. भावजींना परत फोन केला, ते पाटणच्या अलीकडे पोचले होते.

आता गाडी सुरू करायची होती. त्या मुलाने नाण्याने चावी उघडली आणि आतला बिल्ल्यासारखा सेल काढला. हा सेल बहुतेक चाव्यांत २०३२ नंबरचा असतो. २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. व्होल्ट तीनच. पण समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि असं पाणी सर्किटवर पसरलं की सेलची वीज नको तिथून वाहायला लागते आणि तांबं खायला लागते. म्हणून सेल जितका लवकर निघेल तितकं बरं. मग आतली सर्किटची हिरवी पट्टी त्याने मावशींच्या विहिरीच्या पाण्याने धुतली. मी घाबरले, आधीच भिजलेलं पुन्हा कशाला भिजवायचं? तो म्हणाला, पाणी वाळतं, मीठ वाळत नाही. अगदी खरं आहे. मीठ आत राहिलं तर ते हवेतली ओल ओढत बसतं आणि चावी आठवड्याभराने मरते.

पुसायला स्पिरिट हवं होतं. ते आमच्याकडे होतं, अण्णांच्या इंजेक्शनच्या पिशवीत. स्पिरिटचे ते चौकोनी बोळे घेऊन मी स्वतः ती पट्टी पुसली. नखाएवढी काळी चौकोनं, त्यांच्यामधल्या केसासारख्या रेषा, आणि सेलच्या कडीपाशी आताच धरलेली पांढरट-हिरवी साय. तासाभरात एवढी! तीन बोळे लागले. मग पट्टी पंचावर ठेवून वाऱ्याला वाळवली. तांदळात ठेवायचा सल्ला तिथेही दोघा-तिघांनी दिला. तांदूळ मीठ काढू शकत नाही, उलट कोंडा आत जातो.

दोनच्या सुमाराला सेल न घालताच चावी बंद केली, ब्रेकवर पाय ठेवला आणि चावी स्टार्टच्या बटणाला टेकवून बटण दाबलं. गाडी सुरू झाली. चावीत एक चिप असते, तिला सेल लागत नाही. बटणामागच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला जेमतेम लागेल तेवढी वीज मिळते आणि ती गाडीला आपली ओळख सांगते. म्हणून सेल उतरलेल्या चावीनेसुद्धा गाडी निघते, फक्त चावी नेमकी कुठे टेकवायची ते गाडीगाडीप्रमाणे बदलतं आणि गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात लिहिलेलं असतं. कराडपर्यंत अण्णांनी इंजिन बंद करू दिलं नाही.

रिमोटचा भाग पुढे वाचला नाही, नवी चावी करावी लागली. आरसी, ओळखपत्र आणि घरातली दुसरी चावी घेऊन गाडीच्या सर्व्हिस सेंटरला गेले, बिल दहा हजारांच्या वर झालं. तिथल्या काउंटरवर एक गोष्ट कळली, ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी. चावी हरवली, म्हणजे वाळूत गेली किंवा कुणी उचलली, तर नुसती नवी करून थांबायचं नाही. पोलिसांत नोंद करायची आणि जुनी चावी गाडीच्या स्मरणातून काढून टाकायला लावायची. गाडी चोरीला गेलीच, तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. एक नसेल तर ती कुठे गेली याचा कागद दाखवावा लागतो. विम्यात चावीसाठी वेगळं जोड-संरक्षण मिळतं. तेव्हा माझ्याकडे नव्हतं, आता आहे.

पाऊच का गळला हे मी घरी शोधून काढलं. वाळूचा एक कण. तोंडाच्या पट्टीत बरोबर मधोमध अडकलेला, मोहरीपेक्षा लहान. किनाऱ्यावर उभं राहून, वाळूच्या हातांनी मी तो पाऊच बंद केला होता. त्यावर आयपीएक्स८ असा, पाणी आत शिरत नसल्याचा दर्जा छापलेला होता, पण ती चाचणी संथ, गोड्या पाण्यात होते. गुहागरची लाट छातीवर फुटते तेव्हा पाऊच नुसता बुडत नाही, पिळला जातो. आता कुणी पाऊच वापरणारच असेल तर मी सांगते, घरीच कोरड्या हातांनी बंद कर, आत आधी टिश्यूचा कागद घालून बादलीत अर्धा तास दगडाखाली बुडवून बघ, आणि तरीही त्यात चावी नको, फार तर पैसे ठेव. माझं मत आता पक्कं झालंय. सेल असलेली चावी पाण्यात न्यायची नाही. कशातही घालून नाही.

मग ठेवायची कुठे? त्यानंतरच्या वर्षभरात मी समुद्रावर गेले की लोकांच्या चाव्या बघत बसते. चपलेत. टॉवेलच्या घडीत. वाळूत पुरून वर काठी रोवलेली. अशी एक काठी भरतीने नेली आणि सहा जणं हातांनी वाळू उपसत होते, ते मी पाहिलंय. भरतीचं गणित कोकणात पोरंसुद्धा जाणतात: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. पाणी कुठवर येणार हे वाळूवरची कालची ओली रेघ आणि शेवाळाची ओळ सांगते. तिच्या खाली काहीच ठेवू नये, चावी नाही आणि गाडी तर नाहीच. सपाट वाळू दिसली की गाडी थेट पाण्याच्या कडेला नेणारे लोक दर हंगामात दिसतात. चाकं रुततात, पाणी चढतं आणि गावातल्या माणसांना दोरखंड घेऊन धावावं लागतं. मला याचा मनापासून राग येतो.

सगळ्यात जास्त लोक चावी टायरवर ठेवतात, नाहीतर बंपरच्या मागे. जुन्या लोखंडी चावीला ते चालून जायचं, तेही कुणी बघत नसेल तर. आताच्या बटणाच्या गाडीत तो घोटाळाच आहे. हँडलला हात लावला की गाडी आसपास हाताच्या अंतरावर हळू आवाजात विचारते, चावी आहे का? टायरवरची चावी म्हणते, आहे. दार उघडतं, कधी कधी बटण दाबलं की इंजिनही सुरू. चोराला वाकायचेही कष्ट नाहीत.

माझ्या भावाने नंबर जुळवायची लोखंडी डबी घेतली आहे. गाडी ओढायच्या हुकाला ती कुलपासारखी अडकवायची आणि चावी आत ठेवायची. वस्तू भक्कम आहे. पण वरचं कारण तिलाही लागू होतंच, म्हणून आत ठेवण्याआधी चावी फॉइलमध्ये गुंडाळावी लागते. हा फॉइलचा प्रयोग मी अंगणात दोन संध्याकाळ केला. लेकीने चावी धरायची, मी हँडल दाबायचं. पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात चावी ठेवली, झाकण थोडं सैल होतं, गाडी उघडली. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली तर कधी उघडली, कधी नाही. पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचे तीन पदर नीट दुमडून घेतले, तेव्हा एकदाही नाही. प्रत्येक गाडीला हे आपलं आपण तपासून घ्यावं, आणि तपासताना दुसरी चावी खिशात ठेवावी.

पण हे प्रयोग चालू असताना अण्णा ओट्यावरून म्हणाले, "अगं, कृष्णेत पोहताना मी चावी कुठं ठेवायचो?"

मला चटकन आठवलं. अण्णांनी मला पोहायला शिकवलं ते कराडला प्रीतिसंगमाच्या, म्हणजे कृष्णा-कोयनेच्या संगमाच्या वर, पाठीला तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा बांधून. डब्याची दोरी काखेत काचायची. मी त्यांच्या पुढे, पाण्यावर तरंगत, आणि माझ्या डोळ्यांसमोर त्यांची कंबर. काळा करदोटा आणि त्याला बांधलेली दुकानाच्या तिजोरीची पितळी चावी. ती त्यांनी पाण्यात जाताना कधी काढली नाही. पोहून आले की पंचाने आधी चावी पुसायची, मग अंग.

धातूला पाण्याचं काय भय? मी दुसऱ्या दिवशी मंडईजवळच्या चावीवाल्याकडे गेले आणि रिमोटच्या पोटातल्या त्या सपाट चावीची साधी नक्कल करून घेतली. चिप नाही, सेल नाही, काही शेकड्यांत काम झालं. या नकलेने दार उघडतं, गाडी सुरू होत नाही. म्हणून ती कुणाच्या हाती लागली तरी गाडी जात नाही, आणि माझ्या कमरेला असली तर मी दाराबाहेर अडकत नाही. गाडीची खरी चावी मग फॉइलमध्ये गुंडाळून गाडीतच, दिसणार नाही अशी ठेवायची आणि दार बाहेरून या नकलेने लावायचं. आमच्या गाडीत एका फेऱ्यात चारही दारं लागतात. तुमच्या गाडीत लागतात का, ते घरी पाहून घ्या, डिकीसकट.

यात एक काटा आहे, तोही सांगायला हवा. चावी आत ठेवलेली गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी हलगर्जीपणाचं कारण पुढे करू शकते. म्हणून मी हे फक्त नाइलाज असेल तेव्हा करते, म्हणजे सोबतचे सगळे एकदम पाण्यात असतील तेव्हा. डिसेंबरात मालवणला चिवला किनाऱ्यावरच्या सागरी जलतरण स्पर्धेला मैत्रिणीबरोबर गेले, दोघी एकाच गटात. किनाऱ्यावर आमचं तिसरं कुणी नव्हतं. त्या दिवशी करदोट्यासारखा काळा गोफ कमरेला बांधला, त्यात नक्कल ओवली, वर पोहायचा पोशाख. पहिल्या शंभर मीटरभर ती पोटाला थंड लागत होती, मग विसरून गेले. मैत्रिणीने मागे नारिंगी तरंगता फुगा बांधला होता. सरावाला तो फार चांगला, होडीवाल्यांना आपण लांबून दिसतो आणि त्याच्या कोरड्या कप्प्यात सामानही राहतं, तोंड तीन-चार वेळा घट्ट गुंडाळलं तर. तिची चावी मात्र मी त्यात ठेवू दिली नाही, ती माझ्या गाडीतच फॉइलमध्ये राहिली.

एरवी आमच्या घरचा रिवाज साधा आहे. एक जण किनाऱ्यावर, चावी त्याच्याकडे, आणि त्याने पाण्यात पाऊलही टाकायचं नाही. पाळी बदलली की चावी हातात द्यायची, "ठेवली तिथे" असं सांगून निघून जायचं नाही. अण्णांचं इन्सुलिन आता गाडीत राहत नाही, थर्मास त्यांच्या खुर्चीला अडकवलेला असतो.

यंदा फेब्रुवारीत पुन्हा गुहागरला गेलो. मावशी तिथेच होत्या. त्यांच्याकडे आता बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे, लोक चाव्या आणून देतात. प्रत्येकीला निराळ्या रंगाची चिंधी बांधतात आणि चेहरा नीट बघून घेतात. "ठेवणारा येल त्यालाच देनार, त्याच्या बायकोला पण नाय," म्हणाल्या. पैसे घेत नाहीत, म्हणून आम्ही सगळ्यांनी दोन-दोन सरबतं घेतली. भाचा चिपळूणला गेला होता, त्याच्यासाठी कराडहून नेलेली पेढ्यांची पेटी त्यांच्याकडे दिली.

मी पाण्याकडे निघाले तर अण्णांनी थांबवलं. लेकीचा हात धरून खुर्चीतून उठले, माझ्या कमरेचा गोफ बोटांनी चाचपला. मी सुरगाठ मारली होती. त्यांनी ती सोडली, चष्मा कपाळावर सरकवून, थरथरत्या हातांनी वेळ घेऊन निरगाठ मारली, एकदा ओढून बघितली आणि म्हणाले, "जा आता."